कर्ज फिटेपर्यंत घरखर्चाचा पैसा कुठे ठेवावा?

डोक्यावर कर्ज होते. ते थकले. बँकेच्या माणसांनी दोनचार खेपा घातल्या. शेवटी बसून बोलणे झाले. व्याज काही सोडायचे, उरलेली रक्कम हप्त्यांनी भरायची, असे ठरले. कागदावर सह्या झाल्या. घरातल्या सगळ्यांना वाटले, सुटलो एकदाचे.

पण खरी ओढाताण यानंतरच सुरू होते. आता वर्षभर हप्ता चुकवायचा नाही, आणि वर्षभर चूलही पेटली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच पैशातून व्हायच्या आहेत. तो पैसा कोणत्या खात्यात येऊन पडतो, यावर फार अवलंबून असते. पुष्कळ लोक कर्जाचा विचार करतात, पण खात्याचा करत नाहीत. म्हणून या पाठात खात्याविषयी सांगायचे आहे.

बँकेशी झालेल्या अशा ठरावाला तडजोड म्हणतात. कोणी एकरकमी परतफेड म्हणतात, कोणी नुसते ओटीएस म्हणतात. नाव एकरकमी असले तरी पुष्कळदा ती रक्कम थोड्या थोड्या हप्त्यांनी भरायची सवलत मिळते. पीक बुडाले की पीककर्जाचे पुनर्गठनही होते, म्हणजे एका हंगामात फेडायचे कर्ज काही वर्षांच्या हप्त्यांवर नेतात. नाव कोणतेही असो, खात्याची गोष्ट सगळीकडे एकच.

गणपतचे गणित कुठे चुकले?

समजा, सातारा जिल्ह्यात गणपत नावाचा एक शेतकरी आहे. त्याने एका बँकेतून १,२०,००० रुपये पीककर्ज काढले. दोन वर्षे पिकाने दगा दिला. व्याजासह आकडा १,७०,००० झाला. तडजोड ९६,००० रुपयांवर झाली. गणपतने बैल विकून २४,००० रुपये लगेच भरले. उरले ७२,०००. दर महिन्याच्या १५ तारखेला ६,००० रुपये, असे बारा हप्ते ठरले.

तडजोडीच्या कागदात एक अट होती. दोन हप्ते चुकले तर सवलत रद्द. म्हणजे सोडलेले ७४,००० रुपये पुन्हा मानेवर बसणार.

गणपतच्या दावणीला तीन गाई आहेत. दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे होतात. पेंडीचे पैसे कापून ३,५०० रुपये हातात येतात. महिन्याचे झाले १०,५००. सहा हजार हप्ता, साडेचार हजार घराला. बायको मजुरीला जाते, तिचे थोडे येतात. ओढून ताणून बसते. गणपतने हिशोब नीट केला होता.

पण दुधाचे पैसे जमा होत होते त्याच बँकेतल्या जुन्या खात्यात. कर्ज काढताना साहेब म्हणाले होते, इथे खाते काढा, म्हणून काढलेले. कर्ज थकले तेव्हा बँकेने त्या खात्यावर रोख लावली होती. बँकेत याला होल्ड म्हणतात. म्हणजे पैसे जमा होतात, पण काढता येत नाहीत. तडजोड झाल्यावर तो होल्ड उठवा असे कोणी सांगितले नाही, आणि कोणी उठवलाही नाही.

पाच तारखेला फटफटीच्या कर्जाचा हप्ता असतो, २,३०० रुपयांचा. फटफटी घेताना खात्यातून हप्ता आपोआप कापायला गणपतने सही दिली होती. होल्डमुळे तो हप्ता गेला नाही, आणि वर दंड बसला. पुढे दुधाचे ३,५०० आले. बँकेने ते कर्जात वळते केले. गणपतला वाटले, चला, तेवढा हप्ता भागला. १५ तारखेला तो बँकेत गेला. साहेब म्हणाले, "काका, ते पैसे कर्जात गेले. पण ठरलेला हप्ता ६,००० चा. तो पुरा नाही झाला."

घरी पीठ संपलेले. गणपतने शेजारच्या गावातून शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे आणले. शेकडा तीन महिन्याला म्हणजे वर्षाला शेकडा छत्तीस. एक कर्ज फेडायला निघाला आणि दुसरे उभे राहिले.

यात बँकेने लबाडी केली का? नाही. ज्या बँकेचे देणे थकले आहे, त्याच बँकेत आपला पैसा असेल तर तो देण्यात वळता करून घेण्याचा हक्क बँकेला असतो. हा हक्क जुना आहे. त्याचे मूळ १८७२ सालच्या करार कायद्यात आहे. कर्जाच्या कागदांवरही बारीक अक्षरांत तशी अट छापलेली असते. आपण ती वाचत नाही, आणि वाचून कोणी दाखवतही नाही.

१८७५ सालची गोष्ट आठवते. पुणे जिल्ह्यात सुपे गावी शेतकरी चिडून उठले. सावकारांच्या घरांतले कर्जरोखे बाहेर काढून त्यांनी जाळले. त्या रोख्यांत काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. अंगठा तेवढा त्यांचा होता. आज तुम्हाला वाचता येते. तडजोडीचा कागद घरी आणा आणि अक्षर अक्षर लावून वाचा. हप्ता चुकला तर काय होईल, हे त्यात कुठे लिहिले आहे ते शोधून तिथे खूण करा.

देणे एकीकडे, चूल दुसरीकडे

गणपतचा भाचा बँकमित्र आहे. गावात बसून मशीनवर लोकांचे पैसे काढून देतो. त्याने ऐकले आणि म्हणाला, "मामा, ज्या बँकेचं देणं आहे तिथं दुधाचा पैसा घेऊ नका. दुसऱ्या बँकेत साधं खातं काढा."

"अरे, पण ही चोरी नाही का? बँकेला वाटेल मी पैसे लपवतोय."

"लपवायचं कशाला? उघड सांगा. दुधाचे पैसे इथं येतील, आणि १५ तारखेला हप्ता तिथं पोचेल. बँकेला हप्त्याशी काम."

भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. खाते कुठे काढावे याचे बंधन तुमच्यावर नाही. तडजोडीच्या कागदात वेगळे काही कबूल केले असेल तर मात्र ते पाळावे लागते, म्हणून तो कागद आधी वाचायचा. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खाते बदलल्याने कर्ज बुडत नाही. हप्ते भरले नाहीत आणि कोर्टाचा जप्तीचा हुकूम निघाला, तर दुसऱ्या बँकेतले खातेही त्यातून सुटत नाही. खाते बदलायचे ते हप्ता वेळेवर जावा आणि घरखर्च आपल्या हातात राहावा, एवढ्यासाठी.

आता दुसरी बँक म्हणजे कोणती? इथे लोक फार फसतात. दुसऱ्या गावची शाखा म्हणजे दुसरी बँक नाही. बँक तीच, संगणक तोच. शिवाय मधल्या काळात किती तरी बँका एकमेकींत मिळाल्या. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये मिळाल्या. १ एप्रिल २०२० ला कॉर्पोरेशन बँक आणि आंध्र बँक युनियन बँकेत गेल्या, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. तुमचे जुने कर्ज देना बँकेचे असेल आणि तुम्ही नवे खाते बडोदा बँकेत काढाल, तर पुन्हा त्याच घरात शिरलात. पाटी बदलली, देणे बदलले नाही.

सोसायटीचेही असेच. गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज हा बहुतेक ठिकाणी जिल्हा मध्यवर्ती बँकेचा पैसा असतो. तेव्हा सोसायटीचे कर्ज थकले असेल तर जिल्हा बँकेतले खाते परके धरू नका. आणि सोसायटीच्या कर्जासाठी कारखाना उसाच्या बिलातून कपात करतो ना, ती खाते बदलून थांबत नाही. ते पैसे खात्यात यायच्या आधीच कापले जातात. त्याबद्दल बोलायचे ते सोसायटीत आणि कारखान्यात.

तुम्ही कोणाला जामीन राहिला असाल तर तेही आठवा. कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर बँक जामीनदाराकडे मागू शकते. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन आहात, त्याचे हप्ते थकले आहेत, आणि तुम्ही दुधाचे खाते त्याच बँकेत काढले, तर उद्या तिथेही होल्ड लागेल.

नवऱ्याचे कर्ज असले म्हणून बायकोच्या एकटीच्या खात्यातले पैसे घेता येत नाहीत. मात्र कर्जाच्या कागदावर तिची सही नसावी, कर्जदार म्हणूनही नको आणि जामीन म्हणूनही नको. बायाबापड्यांनी आपले खाते आपल्याच नावावर वेगळे ठेवावे, हे बरे. नवऱ्याचे नाव त्यात घालायची गरज नाही.

साधे खाते म्हणजे काय?

रिझर्व्ह बँकेने २००५ साली सगळ्या बँकांना सांगितले की गरिबाला परवडेल असे साधे खाते काढून द्या. २०१२ साली त्या खात्याला मूलभूत बचत खाते असे नाव दिले. आपल्याकडे लोक त्याला झिरो बॅलन्सचे खाते म्हणतात. जनधन खाते याच जातीचे. ती योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली.

या खात्यात शिल्लक ठेवायची सक्ती नाही. शून्य रुपये राहिले तरी दंड नाही. कर्जाच्या हप्त्यात शेवटचा रुपया जातो त्या माणसाला याचे मोल कळेल. साध्या बचत खात्यात काही बँका कमीत कमी शिल्लक मागतात आणि ती नसली की पैसे कापतात. मूलभूत खात्यात तसे होत नाही. पैसे भरायला कितीही वेळा जा, आकार नाही. एटीएमचे कार्ड फुकट मिळते. पासबुक मिळते. सरकारी मदत आणि दुधाचे पैसे थेट जमा होतात.

पैसे काढण्याला मात्र मोजमाप आहे. महिन्यातून चार वेळा पैसे काढणे फुकट, एवढी हमी आहे. एटीएममधून काढले तरी ते या चारांत धरतात. पुढच्या खेपेला काही बँका आकार घेतात, काही घेत नाहीत. खाते काढतानाच विचारा, "पाचव्या वेळेला किती कापता?"

गणपतला चार पुरतात का? दुधाचे पैसे महिन्यातून तीनदा येतात. दर वेळी लगेच काढायला गेला तर तीन खेपा झाल्या. हप्त्यासाठी एक. झाल्या चार. मग मध्येच पोर आजारी पडले तर? म्हणून दर वेळी धावत जाऊ नये. बाजाराच्या दिवशी दोनदा काढावे, एकदा हप्त्याचे काढावे, आणि एक खेप अडीनडीला राखून ठेवावी.

एका बँकेत मूलभूत खाते असले की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, हा नियम आहे. आधीचे असेल तर ते बंद करावे लागते. तुमचे जनधन खाते दुसऱ्या बँकेत आधीच असेल, आणि तिथे तुमचे काही देणे नसेल, तर नवे काढायचे कारणच नाही. पासबुक घेऊन जा, खाते चालू आहे ना ते पाहा, बंद पडले असेल तर कागद देऊन चालू करून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

जनधन खात्याबरोबर एक मोह येतो. त्या खात्यावर दहा हजार रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो. म्हणजे खात्यात पैसे नसताना काढता येतात. हे बक्षीस नव्हे, हे कर्ज आहे. तडजोडीचे हप्ते चालू असताना ते घेऊ नये असे माझे मत आहे. कारण ते घेतले की या बँकेचेही देणे झाले, आणि आपण बाहेर पडलो होतो त्याच खड्ड्यात पुन्हा गेलो. त्याच खात्याच्या रुपे कार्डाबरोबर अपघाताचा विमा असतो, तो मात्र चांगला. २८ ऑगस्ट २०१८ नंतरच्या खात्यांना तो दोन लाखांचा आहे. पण कार्ड अधूनमधून वापरात ठेवावे लागते, नुसते ट्रंकेत ठेवून चालत नाही.

टपालखात्याची बँक

ज्यांच्या गावात एकच बँक आहे, आणि नेमके तिचेच देणे आहे, त्यांनी काय करावे?

पोस्टमनला विचारावे. टपालखात्याची वेगळी बँक २०१८ साली सुरू झाली. तिचे नाव इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. तिच्या जातीच्या बँकांना नियमानेच कर्ज देता येत नाही. पैसे ठेवून घ्यायचे आणि मागितले की द्यायचे, एवढेच तिचे काम. कर्जच देत नाही, तेव्हा आपल्या थकलेल्या कर्जापोटी खात्यातले पैसे वळते करून घेईल असा प्रश्नच येत नाही. हप्ते फेडणाऱ्या माणसाला ही मोठी सोय आहे. पोस्टात किंवा पोस्टमनकडे आधार दाखवून खाते निघते, आणि शून्य शिल्लकीवर चालते. दोन लाखांपेक्षा जास्त रक्कम मात्र तिथे ठेवता येत नाही. आपल्यापैकी किती जणांना ती अडचण पडेल, कोण जाणे! पोस्टमन घरी येऊन पैसे देतो, त्याला आकार पडतो का, किती पडतो, ते आधी विचारावे.

पतसंस्थेचे काय? पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. सरकारी योजनेचे पैसेही आधारवरून थेट तिथे येत नाहीत. पिग्मी गोळा करणारा माणूस ओळखीचा आहे, म्हणून घरखर्चाचा सगळा पैसा तिथे ठेवू नये.

बँकेत जाताना

आधारकार्ड, एक फोटो, आणि असेल तर पॅनकार्ड घ्या. पॅन नसेल तर बँक एक छापील प्रतिज्ञापत्र भरून घेते. आधार नसेल तर मतदार ओळखपत्र किंवा गाडीचा परवाना चालतो. यातले काहीच नसेल तरी हात हलवत परत येऊ नका. बँकेच्या अधिकाऱ्यासमोर फोटोवर सही किंवा अंगठा करून छोटे खाते निघते. त्याला मर्यादा असतात: शिल्लक पन्नास हजारांच्या वर नको, वर्षात एक लाखाच्या वर जमा नको, महिन्यात दहा हजारांच्या वर काढणे नको. ते एक वर्ष चालते. तेवढ्यात ओळखीचा कागद काढायला अर्ज करावा, आणि अर्जाची पोच दाखवली की आणखी एक वर्ष मिळते.

टेबलाशी गेल्यावर "खाते काढायचे आहे" एवढेच म्हणू नका. "मूलभूत बचत खाते काढायचे आहे" असे म्हणा. नुसते खाते म्हटले तर शिल्लक ठेवावी लागणारे खाते निघू शकते. कोणी म्हणेल, चालू खाते घ्या. ते व्यापाऱ्यांसाठी असते, ते आपले काम नाही. कोणी म्हणेल, तुमचे कर्ज थकले आहे, सिबिल खराब आहे, खाते मिळणार नाही. बचत खात्याला सिबिल लागत नाही. सिबिल पाहायचे ते कर्ज देताना. शांतपणे सांगा, "साहेब, मला कर्ज नको, खाते पाहिजे. मिळत नसेल तर का नाही ते लिहून द्या."

लिहून द्या म्हटले की पुष्कळदा काम होते. नाहीच झाले तर त्या बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला खर्च नाही. १४४४८ या नंबरवर फोन केला की तक्रार कशी करायची ते सांगतात.

आणि सही करा. जुन्या खात्यावर तुमचा अंगठा असेल. नव्या खात्यावर सही असू द्या. पण सही सोपी ठेवा, रोज तशीच येईल अशी. आज वळणदार केली आणि उद्या हात कापला, तर सही जुळत नाही म्हणून परत पाठवतात.

पैसा नव्या वाटेने वळवणे

खाते निघाले, पासबुक हातात आले. काम अर्धेच झाले. पैसा अजून जुन्या वाटेनेच जातो आहे.

डेअरीच्या सचिवाकडे जाऊन नवा खाते नंबर लिहून द्या. पासबुकावर शाखेचा एक नंबर असतो, त्याला आयएफएससी म्हणतात, तोही द्या. पासबुकाच्या पहिल्या पानाची नक्कल दिली तर चूक होत नाही.

सरकारी पैशाची तऱ्हा वेगळी आहे. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार दोन दोन हजारांनी येतात. बायकांच्या योजनेचे पैसे येतात, निराधारांचे अनुदान येते. आधारवरून येणारा पैसा तुम्ही सर्वांत शेवटी जे खाते आधारला जोडले असेल त्याच्यात जातो. म्हणून नव्या बँकेत वेगळा फॉर्म भरून सांगावे लागते की सरकारी मदत या खात्यात घ्यायची आहे. नुसती आधारची नक्कल दिली म्हणजे ते झाले असे समजू नका. "डीबीटीसाठी आधार जोडले का?" असे विचारा, आणि आठवड्याने पुन्हा विचारा.

२०२४ साली आपल्या राज्यात लाडकी बहीण योजनेचे पैसे जमा होऊ लागले. काही बँकांनी ते जुन्या थकबाकीत आणि दंडात कापून घेतल्याच्या तक्रारी झाल्या. असे कापू नका, म्हणून सरकारला बँकांना सांगावे लागले. अतिवृष्टीच्या मदतीच्या शासन निर्णयांतही, या पैशातून कर्जवसुली करू नये, असे सरकार लिहीत आले आहे. तसे कापले गेले तर तो निर्णय दाखवून पैसे परत मागता येतात. पण कापून झाल्यावर मागत फिरण्यापेक्षा आधीच वेगळ्या खात्यात घेतलेले बरे.

जुन्या खात्याचे काय करायचे? तिथे दोन अर्ज द्या. एक, तडजोड झाली आहे, तरी होल्ड उठवावा. दोन, या खात्यातून आपोआप हप्ते कोणाकोणाचे जातात त्याची यादी द्यावी. फटफटीचा हप्ता तिथून जात असेल तर त्या कंपनीला नवे खाते कळवा, किंवा रोख भरून पावती घ्या. नुसता खात्यातला पैसा काढून घेऊन गप्प बसलात तर हप्ता परत जाईल आणि दर वेळी दंड चढेल. दोन्हीकडून.

फटफटीचा हप्ता मात्र मांडून पाहा. दूध १०,५००, तडजोडीचा हप्ता ६,०००, फटफटी २,३००. उरले २,२००. एवढ्यात घर चालेल का? चालत नसेल तर फटफटी विकून ते कर्ज मिटवणे बरे. गणपतला हे जड जाईल. पण तडजोड मोडली तर ७४,००० जातात, आणि तेवढ्यात फटफटीही जाईल.

हप्ता कसा पाठवायचा? नव्या बँकेला लेखी सांगून ठेवले तर १५ तारखेला ६,००० आपोआप कर्जखात्यात जातात. पण दुधाचे पैसे एखादे वेळी उशिरा येतात. म्हणून सुरुवातीचे दोनतीन महिने स्वतः जाऊन भरलेले चांगले. १५ तारखेची वाट पाहू नका, १२ ला भरा. १४ ला सुट्टी निघते, १५ ला वीज नसते, आणि संगणक तर केव्हाही बंद असतो. पावतीवर कर्जखात्याचा नंबर आहे ना ते पाहा. नाही तर पैसे जुन्या बचत खात्यात पडतात आणि हप्ता राहतो तो राहतोच.

बँकमित्राकडून पैसे काढताना अंगठा एकदाच ठेवा. मशीनने नाही घेतला म्हणून पुन्हा ठेवायला सांगितले, तर आधीच्या वेळचा कागद मागा. आपला भाचा असला तरी मागा.

बारावा हप्ता भरला की त्याच दिवशी बेबाकी दाखल्याचा अर्ज द्या. दाखला मिळाला की तो तलाठ्याकडे नेऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवून घ्या. पुढे कर्ज मागायला गेलात की जुने कर्ज तडजोडीने मिटले अशी नोंद सिबिलमध्ये दिसते. त्यामुळे काही बँका कुरकुर करतात. हे आधी माहीत असावे.

पासबुक आणि आपली वही

पासबुकात दोन रकाने महत्त्वाचे. एक जमा, एक नावे. जमा म्हणजे आले, नावे म्हणजे गेले. पुष्कळ बँकांचे पासबुक इंग्रजीत छापून येते. आकडेसुद्धा इंग्रजी असतात. पण ते दहाच आहेत, आठ दिवसांत येतात. शब्द नाही कळले तर खिडकीवरच विचारा, "बाई, ही ओळ कशाची?" प्रत्येक ओळीचे विचारा. मागे रांग आहे म्हणून लाजू नका. ते सांगणे त्यांचे काम आहे.

आणि घरी आल्यावर आपल्या वहीत आपल्या अक्षरात लिहा. गणपतची वही अशी दिसेल:

१ तारीख. दुधाचे जमा ३,५००.
४ तारीख. बाजारासाठी काढले १,०००. खेप पहिली.
११ तारीख. दुधाचे जमा ३,५००.
१२ तारीख. हप्त्यासाठी काढले ६,०००. खेप दुसरी. त्याच दिवशी भरले. पावती डब्यात.
शिल्लक ० रुपये. दंड नाही.
२१ तारीख. दुधाचे जमा ३,५००.
२२ तारीख. किराणा आणि पोरीची वह्यापुस्तके, काढले २,०००. खेप तिसरी.
शिल्लक १,५००. एक खेप बाकी. हप्ते बाकी ११.